ओढायचा, ढकलायचा नाही

फिर्मांच्या उजव्या हाताबद्दल लिहायला बसलं की माझ्या तोंडाबद्दलही लिहावं लागतं, म्हणून इतकी वर्षं टाळत आलो. मी ऑरेलियां रुकेत, लाव्हेर्न या डोंगरी गावचा ड्रायव्हिंग मास्तर. या डोंगरातल्या निम्म्या लोकांना मी गाडी शिकवली. त्यात एक पाद्री आणि दोन नन्ससुद्धा आल्या. "अहो, क्लच आहे तो, द्राक्षं तुडवताय का?" हे माझं वाक्य लोक लग्नाच्या जेवणात माझी नक्कल करून म्हणतात. तोंडाळ म्हणून मी पंचक्रोशीत प्रसिद्ध. आणि ज्या एका सकाळी या तोंडानं चार शब्द खरे बोलायला हवे होते, त्या सकाळी ते खोटं बोललं. भोगलं ते फिर्मांनं.

फिर्मां देल्प्वेश आमचा मेकॅनिक. चर्चसमोरचा चौक उतरत जातो, त्या उताराच्या तळाशी त्याचं गॅरेज होतं. बुटका, रुंद, डोक्यावर चपटा लोकरी बेरे, कानामागे पेन्सिल. त्या पेन्सिलीनं त्याला कधी काही लिहिताना मी पाहिलं नाही. बोलायचा कमी, पण गिअरच्या दांड्याचा विषय निघाला की त्याची कळी खुलायची.

"इंजिनं सगळी सारखीच खोकतात हो मास्तर," तो म्हणायचा. "माणूस कळतो तो दांड्यावरून. गाडी बनवणाराही आणि चालवणाराही."

आणि तेव्हा दांडेही एकेक नग होते. गिरणीवाल्याच्या आजोबांची जुनी गाडी होती, तिचा दांडा चक्क दाराच्या बाहेर. पावसात गिअर बदलायचा तर बाही चिंब. फिर्मांनं त्या दांड्यासाठी म्हाताऱ्याला कोपरापर्यंतचा चामडी हातमोजा शिवून दिला होता. डॉक्टर आल्बुईंच्या काळ्या गाडीत स्टिअरिंगजवळ अंगठ्याएवढी दांडी होती. ती नुसती बोटानं सरकवायची, गिअर विजेवर पडायचा. पुढं की मागं, हे ठरवायला वेगळा दांडा. म्हणजे पुढं जायला जेवढे गिअर तेवढेच मागं जायला! फिर्मां ती गाडी दुरुस्त करून द्यायचा आणि दर वेळी म्हणायचा, "डॉक्टर, पेशंट गेला आणि नातेवाईक उठले तर घाबरू नका. त्यांच्याकडे तोंड करून, नमस्कार करत करत पळून जाता येईल." डॉक्टर दर वेळी हसायचे.

बिघाड शोधायची त्याची रीत वेगळीच होती. गाडीत बसायचा, डोळे मिटायचा, दांडा दोन बोटांत धरून हळूहळू हलवायचा. मान थोडी कलती. मग डोळे उघडून सांगायचा, "पुढची खीळ झिजलीय," नाहीतर, "कुणीतरी रागानं ओढलाय. घरात भांडण झालंय का?" आणि झालेलं असायचं! बायका त्याच्याकडे गाडी द्यायला घाबरायच्या, आपला राग नवऱ्याला कळेल म्हणून.

आता नीट ऐका, कारण सगळं यावरच आहे.

तेव्हा आमच्याकडे दोन गाड्या घरोघरी. एक कात्रेल, एक द्यूश. दोन्हींत दांडा खाली जमिनीवर नाही, समोरच्या डॅशबोर्डातून बाहेर आलेला, छत्रीची मूठ असावी तसा. तो हलवायचा नाही, मनगट वळवून आत ढकलायचा नाहीतर बाहेर ओढायचा. माझी शिकवायची गाडी कात्रेल. तिच्यात मनगट डावीकडे वळवून आत ढकललं की पहिला गिअर. द्यूशमध्ये मनगट तसंच डावीकडे, पण पहिल्यासाठी बाहेर ओढायचं. आत ढकललं तर रिव्हर्स. म्हणजे एकीत जी हालचाल माणसाला पुढं नेते, तीच दुसरीत मागं. आमच्या डोंगरात नवीन सुनेला सासू पहिल्या दिवशी दोन गोष्टी सांगायची: विहिरीचं झाकण कुठं ठेवतात, आणि आपली गाडी कात्रेल आहे की द्यूश.

चौऱ्याहत्तरचा मे महिना. माझ्या कात्रेलचे शिकवणीचे जादा पेडल सैल झाले होते. गुरुवारी सकाळी मी गाडी फिर्मांकडे टाकली. दहा वाजता परीक्षक येणार, तीन विद्यार्थ्यांची परीक्षा, आणि त्याआधी मला वरच्या वस्तीतून एकाचे कागद आणायचे होते.

"माझी द्यूश न्या," फिर्मां म्हणाला. "गेल्याच आठवड्यात दांड्याची सगळी जोडणी नवी केलीय. लोण्यासारखी चालते. दहापर्यंत तुमची तयार ठेवतो."

मी बसलो. तो खिडकीशी आला आणि हळूच म्हणाला, "मास्तर, द्यूश आहे हं. पहिला ओढायचा, ढकलायचा नाही."

त्यात वाईट काय होतं? काही नाही. कुणालाही तो असंच सांगायचा. पण माझ्या नाकाला मिरची झोंबली. मी, ज्यानं याच्या बायकोला गाडी शिकवली, त्याला हा शिकवतो?

"फिर्मां," मी म्हणालो, "तू आता मला गाडी शिकवणार का?"

"तसं नाही हो. हाताला सवय असते, म्हणून."

"सवय मुलांना असते. मास्तराला डोकं असतं."

तो हसला, छतावर दोन थापा मारल्या आणि बाजूला झाला. मी मुद्दाम त्याच्या डोळ्यांदेखत दांडा ऐटीत ओढला आणि निघालो. वस्तीवर गेलो, कागद घेतले, तिथूनही बरोबर ओढून निघालो. मनात म्हणत होतो, बघ म्हणावं, सवय!

परत येताना चौकात थांबलो. बाजाराचा दिवस. परीक्षकाला फुआस लागायची, आमची ती अंडी-लोण्याची गोल पाव-केक. ती तोंडात असली की त्याची पेन्सिल जरा मवाळ चालायची. गाडी चढाकडे तोंड करून उभी केली. मागं पंधरा पावलांवर मादाम व्हेसिएरचं चीजचं टेबल. ही विधवा बाई, स्वतःच्या चार गाई, स्वतःचं चीज. तिच्या चवीला तोड नाही आणि तिच्या जिभेलाही नाही. फुआस घेऊन आलो तर घड्याळात दहाला सात मिनिटं. ती पिशवी शेजारी ठेवली, तिच्यातून वास येत होता, आणि मी परीक्षकाशी काय बोलायचं ते मनात जुळवत होतो. मनगट डावीकडे वळलं आणि आत ढकललं. चढ होता म्हणून पेट्रोलही सढळ दिलं.

गाडी मागं उडाली.

टेबल मोडल्याचा आवाज आधी आला, मग तिची किंकाळी. चीजच्या जड गोल ढेपा उतारावरून गडगडत निघाल्या, आणि एक जण तर त्यांच्यामागं हसत धावला, कारण पुढचं त्याला दिसलं नव्हतं. मादाम व्हेसिएर मोडक्या फळ्यांखाली होती. तिचा गुडघा बघवत नव्हता. मी ब्रेकवर पाय दाबून नुसता बसलो होतो. दांड्यावरचा हातही काढला नव्हता.

सगळ्यात आधी धावत आला फिर्मां. गॅरेज तिथंच खाली, चाळीस पावलांवर. लोक तिच्याकडे वाकले होते. फिर्मांनं एक नजर तिच्याकडे टाकली, एक माझ्याकडे, आणि मग खिडकीतून आत दांड्याकडे. दांडा डावीकडे वळलेला, आत ढकललेला. त्यानं हात आत घातला, माझी बोटं बाजूला सारली आणि दांडा ओढून मध्ये आणला, न्यूट्रलला. मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. तो वाट बघत होता. मी काय बोलतो त्याची.

मग तो तिच्याजवळ गेला, फळ्या उचलायला.

हवालदार आला. त्याला मीच गाडी शिकवली होती. टोपी काढून म्हणाला, "मास्तर, तुम्हाला लागलं नाही ना? काय झालं?"

भोवती सगळा बाजार. माझे दोन विद्यार्थी परीक्षेचे नीटनेटके कपडे घालून उभे. पाववाली, तंबाखूवाला, पाद्री. आणि मी, मास्तर, ज्याला डोकं असतं. चार शब्द होते. "माझा हात चुकला, बाबा." तेवढेच. पण फिर्मांनं तासाभरापूर्वी सांगितलेलं वाक्य कानात वाजत होतं, आणि ते वाक्य खरं ठरवायचं म्हणजे माझा जीव जात होता.

"मी पहिलाच घातला होता," मी म्हणालो. "दांडा पहिल्यावर, आणि आत गिअर पडला रिव्हर्सचा. जोडणीच चुकीची आहे."

हवालदारानं फिर्मांकडे पाहिलं. "जोडणी कुणी केली?"

फिर्मां उठला. हात पुसले. "मी. गेल्या आठवड्यात."

"काही गडबड?"

"माझ्या हातात होती तेव्हा नव्हती." आणि परत माझ्याकडे तीच नजर.

मी चर्चच्या घड्याळाकडे पाहत होतो.

फिर्मां द्यूशमध्ये बसला, पहिला ओढला, गाडी दोन हात पुढं नेली. रिव्हर्स ढकलला, मागं आणली. "बघा," तो म्हणाला.

तेव्हा तंबाखूवाला म्हणाला, "आता बरोबरच चालणार! आल्या आल्या यानं आत हात घालून काहीतरी केलं. मी या डोळ्यांनी पाहिलं."

"मीपण पाहिलं," पाववाली म्हणाली.

फिर्मांचे कान लाल झाले. मला ठाऊक होतं त्या हातानं काय केलं होतं. दुनियेत आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. माझ्या तोंडाला तेव्हाही कुणी कुलूप घातलं नव्हतं. मी खाली उतरलो, कपडे झटकले, आणि हवालदाराला म्हणालो, "परीक्षक थांबलेत." फुआसची पिशवी घ्यायला विसरलो नाही. अजून तो वास आला की मी रस्ता ओलांडतो.

खटला वगैरे झाला नाही. हवालदारानं लिहिलं, यंत्रातला दोष. पण गावाला कागद लागत नाही. "फिर्मांचा हात गेला, पूर्वीचं कसब राहिलं नाही," असं आधी म्हणाले. मग, "हात गेला असता तर एक वेळ चाललं असतं, पण लपवायला गेला." चुकलेल्या माणसाकडे लोक परत जातात. लपवणाऱ्याकडे जात नाहीत. आधी नोटरीची गाडी यायची बंद झाली, मग पाद्र्याची. शेतकरी ट्रॅक्टर घेऊन तीस किलोमीटर लांब जायला लागले. डॉक्टर आल्बुई तेवढे शेवटपर्यंत त्याच्याकडे येत राहिले, पण ते वारले आणि ती काळी गाडी मुलानं विकली.

मादाम व्हेसिएरचा गुडघा जुळला तो वाकडाच. काठी आली. तिनं फिर्मांचं बोंजूर, म्हणजे दिवसाचा रामराम, बंद केलं. आमच्याकडे शेताच्या बांधावरून कोर्टात गेलेले भाऊसुद्धा सकाळी एकमेकांना बोंजूर म्हणतात, तोंड कडू करून का होईना. ती त्याच्या दारावरून दर गुरुवारी जायची. तो म्हणायचा, "बोंजूर, मादाम." ती काठी टेकत पुढं. टक, टक, टक. आणि चार पावलांवर मी भेटलो की, "बोंजूर, मास्तर! कसे आहात?" आणि चीजचा तुकडा सुरीच्या टोकावर पुढं. मी तो खायचो. हो, खायचो. नाही म्हटलं असतं तर का म्हणून विचारलं असतं.

तीन वर्षांनी फिर्मांनं गॅरेजचं दार ओढून घेतलं. शहरातल्या बसडेपोत त्याला काम मिळालं. दुरुस्तीचं नाही, बस धुवायचं. ज्या बोटांना खीळ किती झिजली ते डोळे मिटून कळायचं, त्या बोटांत पाण्याचा पाइप. त्याची बायको नोएली लोकांच्या चादरी इस्त्री करायला लागली. रोज पहाटे तो त्याच द्यूशनं डेपोला जायचा. माझ्या खिडकीखालून. तिचा पहिला गिअर पडल्याचा आवाज मी अंथरुणात ऐकायचो. कधी चुकला नाही तो.

मी सांगायला गेलो नाही असं नाही. दोनदा गेलो. एकदा त्याच्या दारापर्यंत पोचलो, तर नोएलीनं दार उघडलं. "काय मास्तर?" मी म्हणालो, "काही नाही, अक्रोडाची दारू करताय का यंदा?" तिनं एक बाटली दिली! ती मी गटारात ओतली आणि रिकामी बाटली धुऊन परत नेऊन दिली, "छान होती" म्हणून. दुसऱ्यांदा पाद्र्याकडे गेलो, पण त्याला गाडी मीच शिकवली होती, आणि त्यानं मला पाहताच "क्लच, क्लच!" म्हणून हसायला सुरुवात केली. उचलली जीभ लावली टाळ्याला हा माझा जन्माचा धर्म, पण या एका गोष्टीला जीभ उचलेना. विद्यार्थ्यांवर मात्र मी दुप्पट ओरडायला लागलो. कुणी चुकीचा गिअर टाकला की मी असा पिसाळायचो की पोरी रडायच्या. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय!

आणि द्यूश? तिला मी परत हात लावला नाही. लोक समजायचे, मास्तर अजून त्या धक्क्यातून सावरले नाहीत.

एक्क्याण्णवमध्ये मी निवृत्त झालो. नगरपालिकेच्या हॉलमध्ये समारंभ ठेवला. अडतीस वर्षांची सेवा, पितळी पदक, वाइन, आणि अर्थातच फुआस. गावातले सगळे आले. मागच्या रांगेत भिंतीशी फिर्मां आणि नोएली. निमंत्रण सगळ्यांना होतं, आणि तो निमंत्रण मोडणारा माणूस नव्हे. त्याचे हात मांडीवर होते आणि थरथरत होते. वर्षभरापासून दुखणं लागलंय असं ऐकलं होतं. डावा उजव्याला धरून ठेवत होता.

महापौर काल्मेत भाषणाला उभे राहिले. त्यांना तीनदा नापास होऊन परवाना मिळाला होता, तो विनोद त्यांनी स्वतःच केला. मग म्हणाले, "अडतीस वर्षांत मास्तरांच्या हातून एकदाही चूक झाली नाही. एकदा अपघात झाला, पण सगळ्यांना माहीत आहे, त्यात दोष मास्तरांचा नव्हता."

आणि हॉलमधली निम्मी डोकी मागं वळली. नुसती वळली. एक-दोघं तर ओळखीचं हसले. फिर्मांनं मान खाली घातली. सतरा वर्षांनीही मान त्यानं खाली घातली, जी माझी खाली जायला हवी होती.

मी उठलो. पदक अजून महापौरांच्या हातात होतं.

"दोष माझा होता," मी म्हणालो. "गिअर मी चुकीचा टाकला. जोडणी बरोबर होती. मी खोटं बोललो."

मग कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. महापौरांचे डोळे पाणावले. "बघा!" ते म्हणाले. "हे मन बघा! निवृत्तीच्या दिवशीसुद्धा दुसऱ्याची चूक स्वतःच्या डोक्यावर घेतात!"

देवा रे. सतरा वर्षं मी माझ्या खोट्याला इतकं खतपाणी घातलं होतं की खरं बोललो तर तोही माझाच मोठेपणा ठरला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. फिर्मां बसून होता. मला वाटलं जमीन दुभंगावी.

"टाळ्या बंद करा, गाढवांनो!" मी ओरडलो. गाडीत ओरडतो तसा. सवयीनं सगळे गप्प झाले, या सगळ्यांना मी कधी ना कधी तसा ओरडलोच होतो. "कात्रेलचा पहिला ढकलायचा. द्यूशचा ओढायचा. कुणाला माहीत नाही? माझा हात कात्रेलचा. मी द्यूशमध्ये बसून ढकलला. त्या सकाळी फिर्मांनं मला गाडी देताना बजावलं होतं, 'ओढायचा, ढकलायचा नाही.' मी त्याला हिणवलं. तो धावत आला तेव्हा दांडा रिव्हर्समध्ये होता, माझा हात त्याच्यावर. त्यानं तो न्यूट्रलला आणला. तुम्ही जो हात आत जाताना पाहिला ना, तो मला वाचवत होता. आणि मी तिथं उभा राहून त्याला लबाड ठरू दिलं. तीच गाडी आज बाहेर उभी आहे. फिर्मां, जोडणी कधी बदललीस का?"

फिर्मांनं मान वर केली. "नाही," तो म्हणाला. "तीच आहे. का बदलू? चांगली आहे."

सतरा वर्षं ती गाडी रोज या चौकातून गेली होती, दोनदा. एकालाही सुचलं नव्हतं विचारायला.

तंबाखूवाला खिशातला रुमाल शोधायला लागला. मग पहिल्या रांगेतून आवाज आला. टक, टक, टक. मादाम व्हेसिएर. ती मधल्या वाटेनं मागं गेली. माझ्या बाजूनं गेली तेव्हा माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. फिर्मांसमोर थांबली. संध्याकाळचे सहा वाजले होते, बोंजूरची वेळ कधीच टळली होती.

"बोंजूर, फिर्मां," ती म्हणाली.

तो उठला, बेरे काढला. हात इतका थरथरत होता की बेरे पडला. "बोंजूर, मादाम."

एवढंच झालं. वाइनला कुणी हात लावला नाही. लोक फिर्मांभोवती गोळा झाले. शेवटी कुणीतरी गॅरेज पुन्हा उघडायचं काढलं, "माझी गाडी जरा आवाज करते रे फिर्मां, बघतोस का?" तेव्हा नोएलीनं त्याचे हात उचलून सगळ्यांना दाखवले. मग माझ्याकडे वळली.

"मास्तर, तुम्ही आज मोकळे झालात," ती म्हणाली. "आमची सतरा वर्षं कुठून आणायची? ह्याचे हात चांगले होते तेव्हा बोलला असतात."

मी कोट उचलला आणि दाराकडे वळलो.

बाहेर फिर्मां द्यूशच्या बॉनेटला टेकून उभा होता. मी विचारलं, कारण सतरा वर्षं तेच मला खात होतं. "का ओढलास तू तो दांडा? राहू दिला असतास, तर हवालदारानं स्वतःच पाहिलं असतं."

"तेच तर," तो म्हणाला. "त्यानं पाहिलं असतं, मग तुम्ही काय सांगणार होतात? चुकलं होतंच. म्हटलं, आपण होऊन सांगायचं तरी तुमच्याकडे राहू दे." मग म्हणाला, "मला वाटलं, लगेच सांगाल."

मी भर चौकात रडलो. त्यानं मला रडू दिलं. समजूत काढली नाही, ते बरं केलं.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. पदक मी घेतलं नाही. गावात पुष्कळांनी माझं बोंजूर बंद केलंय, आणि ते बरोबरच आहे. मादाम व्हेसिएर माझ्या दारावरून टक टक करत जाते. मी म्हणतो, "बोंजूर, मादाम." उत्तर नाही. ते रोज कसं लागतं ते आता कळतं. फिर्मां मात्र म्हणतो. रोज. "बोंजूर, मास्तर." त्याचं ते ऐकताना मला जेवढी लाज वाटते तेवढी तिच्या गप्प राहण्यानं वाटत नाही.

नोएली शहरात गाडी चालवायला घाबरते, आणि फिर्मांला आता दांडा धरता येत नाही. दर मंगळवारी त्याला शहरातल्या हॉस्पिटलात न्यावं लागतं. गेल्या वसंतात मी तिच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, मी नेतो. ती आत जाऊन द्यूशची किल्ली घेऊन आली आणि माझ्या हातात न देता खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. अजून तशीच ठेवते.

मंगळवारी सकाळी नऊ वाजता आम्ही निघतो. फिर्मां शेजारी बसतो, हात मांडीखाली दाबून. गाडी चौकात चढाकडे तोंड करून उभी असते, खिडक्या उघड्या, पाववालीच्या दारात चार लोक. मी क्लच दाबतो, मनगट डावीकडे वळवतो, आणि थांबतो. दर मंगळवारी थांबतो. कारण तो सांगणार असतो, आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगतो.

"ओढायचा, मास्तर. ढकलायचा नाही."

"हो, फिर्मां," मी म्हणतो. "ओढायचा."

आणि ओढतो.